वरच्यांचे पाय

विहीणबाई पेरवीन यांना रायपूरहून कमलाचा नमस्कार.

तुमची भाषा मले येत नाही, माझी तुमाले नाही. तरी लिहून राहिली. परवा टीव्हीवर कुर्दिस्तानच्या डोंगरात बॉम्ब पडल्याचं दाखवलं, तेव्हापासून माझ्या पोरीचा, चेतनाचा फोन लागत नाही.

नर्सच्या नोकरीले तिकडे गेली अन् तुमची सून झाली. लग्नानंतर तिनं व्हिडिओवर तुमचं जुनं गाव दाखवलं. उतारावर पायऱ्यांसारखी घरं, तुमचं छत म्हणजे वरच्या घराचं अंगण. मी म्हटलं, "डोक्यावर दिवसभर लोकांचे पोट्टे नाचतात, तुले त्रास नाही होत काय वं?"

हसली. "आई, पाय वाजले की सासूबाई म्हणतात, वरचे खुशाल आहेत."

इथं चौबे कॉलोनीत वरचे पोट्टे धावले की मी झाडूच्या दांड्यानं छत ठोकत होती. काल ते चूप झाले तर माझा जीवच घाबरला. वर जाऊन त्यांच्या मम्मीले म्हटलं, "दीदी, बच्चों को दौड़ने दो."

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर उत्तर येईल, अन् मले उत्तराचंच भेव वाटून राहिलं. पण विहीणबाई, तुमच्या छतावर आज पाय वाजून राहिले ना?

चेतनाची आई,
कमला