जिंकणाऱ्यानं टेबल सोडायचं

अण्णा, तुम्हाला एक विचारायचं राहिलंय, आणि ते विचारावं असं दुसरं माणूस मला या मंचरात दिसत नाही. आईला विचारलं तर म्हणते, मला त्या खेळातलं काय कळतंय, तो जेवला का तेवढं बघ. तुमचा धाकटा लेक तर बोलतच नाही. मीच मग एकटी डोकं खाजवत बसते. तुम्ही असतात तर तुमच्याशी कडकडून भांडले असते. आता भांडायचीही सोय राहिली नाही, म्हणून लिहिते.

पुण्यातल्या कुठल्याशा क्लबानं काढून टाकलेलं ते पूल खेळायचं टेबल तुम्ही कांदा खाली करून परत येणाऱ्या ट्रकमधून आणलंत, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. आईनं कपाळाला हात लावला होता. पंक्चरच्या दुकानामागची खोली रिकामी करताना तुम्ही टायर बाहेर फेकताय, चार धटिंगण ते टेबल आत सरकवताना कण्हतायत, आणि बाहेर जमलेल्यांतला एकजण विचारतोय, भाऊ, एवढ्या मोठ्या पलंगावर निजणार तरी कोण? तुम्ही हसलासुद्धा नाहीत. आधी पंक्चर निघेपर्यंत ट्रकवाले खेळायचे. मग आळ्याची, निमगाव साव्याची पोरं बाजाराच्या दिवशी माल विकून झाला की यायला लागली. कांद्याच्या मातीचे हात कापडाला लागतील म्हणून तुम्ही दारात बादली ठेवलीत. हात धुतल्याशिवाय कुणाला काठी मिळायची नाही, पावण्यालासुद्धा नाही. ती बादली अजून आहे. मीच भरते.

आणि तुमचा तो उफराटा नियम. साऱ्या जगात जिंकणारा टेबलावर राहतो आणि हरणारा बाजूला होतो. आपल्याकडं जिंकणाऱ्यानं काठी ठेवायची आणि बाकड्यावर जाऊन बसायचं. हरलेला तिथंच थांबून पुढच्याशी खेळणार. लोक हसायचे, पण यायचे, कारण आपल्याकडं नवशिक्यालाही पोटभर खेळायला मिळायचं. अडचण झाली ती आपल्याच घरात. धाकट्याच्या हातात काय होतं कोण जाणे, काठी धरायला शिकला तसा तो हरायचंच विसरला. त्यामुळं एक डाव खेळायचा की बाकडं. बाजाराच्या दिवशी त्याचा नंबर पुन्हा येईपर्यंत खोली बंद करायची वेळ व्हायची. एकदा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, मी जिंकतो म्हणून मला हाकलता का? तुम्ही हातातलं टायर खाली न ठेवताच बोललात, "जिंकलास न्हवं? मग सर बाजूला. टेबल हरल्याला लागतंय." सगळ्यांसमोर. त्याचे कान लाल झालेले मला आठवतात. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता, हेही सांगते.

तुम्ही गेलात, मी खोली चालवायला लागले, आणि तो राज्याच्या स्पर्धेपर्यंत पोचला. तिथं पूलच्या राज्य संघटनेची वर्षाकाठी एक स्पर्धा, पोरांना व्हरांड्यात ताटकळत ठेवायचे, चहासुद्धा विचारायचे नाहीत. अशात एक दिवस मोटारीतून एक गुळगुळीत दाढीचा माणूस आला. नवी व्यावसायिक टूर निघतेय म्हणाला. गावोगावचे चांगले खेळाडू, उत्तम टेबलं, टीव्हीवर सामने, नोकरी असावी तसं वर्षभर खेळणं. अट एकच, इथं सही केली की दुसरीकडं कुठंही खेळायचं नाही. संघटनेनंही लगेच कळवलं, तिकडं जाणाऱ्याला आमचं दार बंद. धाकटा माझ्याकडं आला. मी थोरली, मी काय सांगणार? मी दोन्ही बाजूंनी बोलत राहिले. म्हटलं, व्हरांड्यात बसण्यापेक्षा बरं. परत म्हटलं, ही टूर उद्या बुडाली तर ना घरचा ना घाटचा होशील. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "आक्का, तिथं जिंकणारा टेबलावर राहतोय." आणि त्यानं सही केली. तुम्ही त्याला काय बोलला असता, अण्णा?

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला लई चांगलं झालं. तो टीव्हीवर दिसला त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आई टीव्हीसमोर हात जोडून बसली होती. पूल खेळणारा म्हणजे उनाड, असं म्हणणारे लोक आपल्या पोरांना हाताला धरून घेऊन आले, आणि एका माउलीनं तर पोरगी आणली. पण तिथं पहिल्याच फेरीत हरलेल्यानं बॅग भरायची आणि पुढच्या स्पर्धेचं बोलावणं येईपर्यंत घरी बसायचं. बाकीची पोरंही काही लेचीपेची नव्हती. हा हरायला लागला. एकदा हरला की सरावाला दुसरी स्पर्धा नाही, कारण सही केलेली, आणि आपल्या खोलीत एक डाव जिंकला की बाकडं. सरावाविना पुढच्या वेळी जायचा आणि पुन्हा हरायचा. आमच्या खोलीत मात्र त्याच्यासारखं वाकून नेम धरणारी पोरं वाढतच होती. मग टूरवाल्यांचे फोन येईनासे झाले. गाजावाजा करून सुरू झालेली टूर एकच वर्ष चालली आणि मिटली. संघटनेचं दार बंद ते बंदच. त्यानं काठी भिंतीला उभी केली आणि कांद्याच्या गाड्यांवर हमाली करायला लागला.

आता लोक मला विचारतात, ताई, त्या टूरनं खेळाचं भलं झालं का वाटोळं? मी काय सांगू? खेळाचं झालं असेल. बाजाराच्या दिवशी बाकडं पुरत नाही. ज्याच्यामुळं ती सगळी पोरं आली, तो मात्र आत पाऊल टाकत नव्हता. मला राग येतो, पण काढू कुणावर? टूरवाल्यावर, संघटनेवर, का तुमच्या नियमावर? तुम्ही त्याला पोटभर जिंकू दिलं असतं तर तो त्या सहीकडं असा धावला असता का, हे रोज मनात येतं. आणि तुमचा नियम तिथं असता तर तो हरूनही टेबलावर राहिला असता, हेही येतं. दोन्ही एकदम खरं वाटतं आणि माझं डोकं बंद पडतं.

मागच्या रविवारी तो आपणहून आला. बादलीत हात धुतले. माझ्याशी खेळशील का, म्हणाला. माझा खेळ तुम्हाला ठाऊक आहे, कामापुरता. त्यानं एकामागून एक बॉल घातले. शेवटी काळा राहिला, तोही अगदी पॉकेटच्या तोंडावर, नवशिक्यानंही डोळे झाकून घालावा असा. काळ्यामागोमाग काठीनं मारायचा पांढरा आत गेला की डाव हरला, हे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून जाणतो. त्यानं काळा घातला आणि पांढराही त्याच्यामागं आत गेला. जिंकले मी. नियमाप्रमाणं काठी ठेवून बाकड्यावर जाऊन बसले. तो टेबलावरच राहिला, मान खाली घालून बॉल मांडायला लागला, आणि पुढच्या नंबरचा आळ्याचा ट्रॅक्टरवाला समोर येऊन उभा राहिला. त्याच्याशीही तो हरला. दिवसभर हरत राहिला, दिवसभर टेबलावर राहिला. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आईला आनंद झाला.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, त्याला तर नाहीच. लोकांना मी सांगत फिरते, माझा भाऊ टेबलावर राहायला मुद्दाम हरतो, अण्णांचा नियम त्याला आता कळला. तो ऐकतो आणि हसतो. पण अण्णा, त्या रविवारी मी त्याच्या अगदी शेजारी उभी होते. त्यानं पांढरा मुद्दाम घातला की त्याचा हातच गेलाय, हे मला कळलं नाही. आणि विचारायची माझ्यात हिंमत नाही.