टॉवरवरचा लाल तारा

निरंजन,

सेकंड शिफ्टला निघालेय, बस खाली उभी आहे. तुला मेसेज केला की नुसती निळी टिक येते, म्हणून चिठ्ठी फ्रीजवर लावतेय.

आज आपल्या दिव्याला गच्चीवर ने आणि तो लाल तारा खरोखर दाखव. रविवारी समोरच्या नव्या टॉवरवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवून मोकळा झालास. पोटच्या पोरीला गंडवायचं, तेही इतक्या आळसाने!

जेवणं झाली की मृग नक्षत्र दक्षिणेला वर आलेलं असतं. त्याच्या पायाशी निळसर पांढरा, ठळक तारा आहे. दुर्बीण त्याच्यावर लाव आणि तिथून खाली, किंचित उजवीकडे सरक. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा बारीक ठिपका दिसेल, तोच. रंग कळला नाही तर फोकस जरासा बिघडव, ठिपका पसरला की रंग उठून दिसतो. त्याआधी डोळे अंधाराला सरावू देत, म्हणजे मोबाइल घरातच ठेवायचा. तारा सापडेल रे तुला, फोन सुटतो का तेच बघायचं.

आणि 'त्या दिवशी बाबाचं चुकलं' वगैरे तिला समजावत बसू नकोस. उघडझाप करणारा दिवा आहे हे तिला तेव्हाच कळलं होतं. मग बाबाला 'दिसला' असं का म्हणालीस, असं मी विचारलं.

म्हणाली, "बाबा सारखा फोन बघत होता. त्याला खाली जायचं होतं गं."

विजयश्री