रेडीमेड घ्यायचा नाही

२ मार्च, सोमवार
हिला स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं. आजवर दुसऱ्यांच्या फर्मसाठी घरबसल्या नकाशे काढायची. आता दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचं अख्खं क्लिनिक. नकाशे आणि चौदा थ्रीडी चित्रं, मुदत पंचवीस तारीख. घरातला कॉम्प्युटर ती फाइल उघडायला घेतो, तोवर ही कपडे वाळत घालून येते.
ठरलं. नवीन वर्कस्टेशन.
मेहुण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, एका ऑफिसातून निघालेला चांगला रेडीमेड कॉम्प्युटर आहे, परवा घरी येईल. बिचारा. त्याला कल्पना नाही. सुटे भाग आणून घरी जोडला तर तेवढ्याच बजेटमध्ये दुप्पट पळतो. जोडणार.

३ मार्च, ऑफिस
सुट्या भागांचा सतरा कॉलमचा तक्ता केला. साहेब मागून बघून गेले, म्हणाले, असं मन लावून काम करणारी माणसं कमी झालीत. खरं आहे.

७ मार्च
प्रोसेसर नक्की केला. जेवणानंतर वाचलं की पुढच्या महिन्यात नवा येतोय. प्रोसेसर रद्द केला. हिने विचारलं, कधी येणार. मी म्हणालो, घाईने केलेली खरेदी आयुष्यभर छळते. ती म्हणाली, घाईने केलेल्या बऱ्याच गोष्टी छळतात. मुद्दा पटलेला दिसला.

८ मार्च
तोच प्रोसेसर परत घेतला. आता स्टॉक कमी, म्हणून जरा महाग.

११ मार्च, सायं. ६.१०
कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, सोडून सगळे भाग आले. संकल्प: कॅबिनेट येईपर्यंत एकही खोका उघडायचा नाही.

६.१७
फक्त बघितले.

१४ मार्च, शनिवार
कॅबिनेट आलं. टेबलाखाली मावावं म्हणून मुद्दाम छोटं निवडलं होतं. टेबलाखाली मावतं. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाही, दोन बोटं लांब आहे. जोडणी शिकायला बघितलेल्या व्हिडिओत याबद्दल चकार शब्द नव्हता. (मधला भाग न बघता पळवला होता, कारण तो मला येत होता.) मेहुण्याला फोनवर सांगितलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१५ मार्च, रविवार, सकाळ
कॅबिनेट बदलून आणलं. प्रोसेसर मदरबोर्डावर अलगद ठेवायचा, जोर लावायचा नाही, असं व्हिडिओवाला तीनदा सांगतो. मला तिथे थोडा जोर हवासा वाटला. खालच्या दोन पिना वाकल्या. हिच्या भुवयांच्या चिमट्याने सरळ केल्या. हाताला चांगलं वळण आहे माझ्या.

दुपार
चालू केला. पंखा फिरतो. स्क्रीनवर काही नाही. तरी पंखा फिरतो म्हणजे निम्मं काम झालं.

सायंकाळ
अजून फिरतोय.

१८ मार्च
दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडून पाहिलं आणि विचारलं, जोडला कोणी. एका मित्राने, असं सांगितलं. तो म्हणाला, त्या मित्राला घरात स्क्रूड्रायव्हर ठेवू देऊ नका. बोर्ड गेला. मित्राचं वाईट वाटलं.
ही पहाटे पाचपासून जुन्या कॉम्प्युटरवर. एका चित्राला अख्खी सकाळ लागते आणि मधे माउसला हात लागला तर बंद पडतो, म्हणून ती पलीकडच्या खोलीत जाऊन बसते. तीन झाली, अकरा राहिली. मी समजावलं, नवा बोर्ड आला की चुटकीसरशी होतील. म्हणाली, मला कॉम्प्युटर नकोय, चौदा चित्रं हवीत.
दृष्टिकोनातला फरक.

२० मार्च
बोर्डाला आणखी आठवडा लागेल. हिने डॉक्टरीणबाईंना फोन करून चार दिवस वाढवून मागितले. मी शेजारच्या खोलीत पंख्यांचे रिव्ह्यू वाचत होतो. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, हिचंच येत होतं. नाही नाही, दुसऱ्या कुणाला नका देऊ, पंचवीसलाच देते.
डोकं दुखतंय. हवा बदलली असावी.

२१ मार्च
हिने भावाला बोलावलं. मला विचारलं नाही. मेहुणा तो ऑफिसातला रेडीमेड घेऊन आला. करडा, कडेला कुठल्याशा खात्याचा नंबर चिकटवलेला. दारातून आत आल्यापासून पंचवीस मिनिटांत जोडून फाइलही उघडली. मी सांगितलं, याचं व्हेंटिलेशन कच्चं आहे. दोघंही चित्र बघत होती.

२५ मार्च
चौदा चित्रं गेली. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन: पसंत. वर त्यांच्या बहिणीच्या क्लिनिकचंही काम. हिने फोन ठेवला आणि आधी भावाला कळवलं.

२७ मार्च
बोर्ड आला. या वेळी दुरुस्तीवाल्यानेच बसवला, मी देखरेख केली. चालू झाला! अप्रतिम. तापमान एकतीस अंश. हिला हाक मारून दाखवलं. छान आहे म्हणाली, खोके पलंगावरून उचल म्हणाली.

२८ मार्च
तापमान एकतीस. त्याला काही काम नाही, म्हणून असेल.

२९ मार्च, रविवार
हिला डॉक्टरीणबाईंच्या बहिणीच्या क्लिनिकची मापं घ्यायला जायचं होतं. विचारलं, मी येऊ का. टेप पर्समध्ये टाकली, मग ये म्हणाली. तिथे ओळख करून दिली, हे माझे मिस्टर, टेप धरायला आलेत. मी टेपचं टोक भिंतीला दाबून धरायचं, आकडा तिने वाचून लिहायचा. अट एकच, हलायचं नाही. दोन तास धरली. एकदाही हललो नाही.
दोनदा हललो. तिने दोन्ही मापं परत घेतली. पुढच्या रविवारी टेप धरायला परत बोलावलंय तिने.