पितळेवरची दुसरी ओळ

प्रिय खारूताई,

त्या दिवशी बागेच्या फाटकाशी तू म्हणालीस, "आधी आईचं आडनाव लाव, मग पप्पांना भेटायला ये. आई एका आडनावाची नि मुलगा दुसऱ्या आडनावाचा, हे त्यांना पटायचं नाही." मी नेहमीसारखा भडकलो आणि सायकल तिथेच टाकून चालत सुटलो. सायकल तू घरी नेलीस असं कळलं. मागच्या चाकात हवा भरून घे.

तेव्हापासून मी नावाच्या पाट्यांच्या कारखान्यात असतो खरा, पण असतो कुठे कुणास ठाऊक. दुपारी उंच खिडकीतून ऊन उतरतं, पितळेचा कीस त्यात तरंगत राहतो, आणि घासून लखलखीत केलेल्या प्रत्येक पाटीत तुझा चेहरा हलतो. काल एका दातांच्या डॉक्टरची पाटी हातात धरून मी हसत बसलो होतो. मालक म्हणाले, "जावईबापू, दात त्यांना बघायचेत, तुम्ही दाखवू नका."

कॉलेजातला तो तास तुला आठवत असेल. सरांनी भर वर्गात विचारलं होतं, "आईचं आडनाव हे, तुझं ते. मग तू नक्की कुणाचा रे?" सगळे खिदळले, एक तू सोडून. मी बाक उलथवून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. त्याचं मला अजूनही काही वाटत नाही. पण फाटकाशी वाटलं, आता तूही तेच विचारतेयस. म्हणून लागलं.

तरी तुझ्यासाठी ठरवलं. आईला सांगितलं, बाबांचं आडनाव सोडतो, दाराला नवी पाटी करतो, दोघांना एकच आडनाव. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. घटस्फोटानंतर तिनं स्वतःचं आडनाव परत घेतलं, माझ्या आडनावाला मात्र हात लावला नव्हता. आताही एवढंच म्हणाली, "पाटी तुझी, हात तुझे."

आम्ही आधी पेन्सिलीनं नाव आखतो, मग छिन्नी लावतो. आईची ओळ सुरेख उतरली. माझी मी तुझ्या तंद्रीत आखली आणि तंद्रीतच कोरली. भानावर आलो तर माझ्या नावापुढे बाबांचं आडनाव, चांगलं खोल. मालक हसले. "पितळ पुसता येत नाही, राजा. उलटी कर, पाठ कोरी आहे."

उलटी केली, छिन्नी टेकवली, पण हात चालेना. बाबांचा राग आहेच, तो कुठे जात नाही. पण पहिलीपासून 'हजर' म्हणालो ते याच आडनावाला. आणि तूही मला पहिली हाक याच आडनावानं मारली होतीस, अख्खा जिना घुमेल अशी. ती हाक मी कुठे ठेवू?

पाटी तशीच घरी नेली. आईनं दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. वाटलं, आता रडते. तर म्हणाली, "स्क्रू आणलेस, की नुसताच आलास?"

तुझ्या पप्पांना भेटायला मी येईन, याच आडनावानं. डोकं थंड ठेवीन, निदान चहा होईपर्यंत. पण आधी तू ये. पाटी वाच. तुला पटलं नाही तर सायकल जिन्याखाली लावून निघून जा, मी समजेन. पटलं तर बेल वाजव. अडकते ती. जोरात दाब.

तुझाच, आडनावासकट,
भडकू