येवल्याची पोच

नाशिक
१२ जानेवारी १९८१

प्रिय अक्का,

सविनय जयभीम. तुझं पत्र शनिवारी मिळालं. आईचा खोकला कमी आहे. सकाळी थंडी फार पडते, पण ती पहाटे उठून अंगण झाडायचं सोडत नाही. दाजींना जयभीम सांग.

तुझं पत्र दोन पानी होतं. त्यातलं दीड पान नजीरवर होतं.

दाजींच्या शाळेत नकाशांचं पार्सल द्यायला तो आला. 'मी भिकनचा भाऊ' म्हणाला. जेवला, ताट स्वतः घासून ठेवलं. शेजारच्या म्हातारीला 'कसं शे माय, बरं शे ना' म्हणाला आणि ती हसली. हे सगळं तू लिहिलंस, आणि शेवटी विचारलंस की असा मित्र आहे हे मी आधी का कळवलं नाही.

तो मित्र नाही. कंपनीत ड्रायव्हरची एक जागा आहे आणि त्या जागेवर ऑक्टोबरपासून आम्ही दोघं आहोत. सहा महिने ट्रायल. मार्चअखेर एक कायम होईल, दुसरा जाईल. तो मालेगावचा. तुमच्याकडची बोली त्याला येते, त्यात त्याचं काही कर्तृत्व नाही.

ट्रायलपुरत्या गाड्या दोन आहेत आणि कुठलीही मॅटॅडोर एकच रूट धरून नसते. महिन्याचे पहिले पंधरा दिवस एकाकडे येवला, दुसऱ्याकडे देवळा-सटाणा. सोळा तारखेला बदल. म्हणजे मीही देवळ्याला येतो. तुला हे माहीत नव्हतं. तुझ्या गल्लीच्या तोंडावरून गाडी नेतो. वाटेत खासगी कामासाठी थांबायचं नाही असा नियम आहे, म्हणून थांबत नाही. नजीर थांबतो.

माझ्या वहीत आजपर्यंत एक चूक नाही. पार्सल दिलं की पोचपावतीवर सही घेतो, वेळ टाकतो, डिझेल लिहितो. निवृत्तीअण्णा म्हणून आमचे क्लार्क आहेत. ते परवा सगळ्यांसमोर म्हणाले, 'भिकन, तुझी वही उघडली की मला झोप येते बघ. नजीरच्या वहीत निदान काहीतरी घडतं.' सगळे हसले. नजीरही हसला, आणि मग म्हणाला, 'अण्णा, पेपर चांगला तोच ज्यात बातमी नाही.' तो माझ्या बाजूने बोलला. तेही त्यानेच बोलायचं.

येवल्यात विणकरांच्या गल्लीत त्याला आत बोलावतात, चहा देतात. मला आडनाव विचारतात. मग पार्सल ओट्यावर ठेवायला सांगतात. सही बरोबर करतात, तक्रार काही नाही.

मालन अजून निफाडलाच आहे. तिच्या वडिलांचं म्हणणं तेच. 'कायम झालात की घेऊन जा.' माणूस वाईट नाही. मागच्या दोन नोकऱ्या सुटल्या तेव्हा त्यांनीच तिला सांभाळलं. मार्च संपेपर्यंत मला दुसरं काही सुचणार नाही.

नजीर पुन्हा आला तर त्याला जेवू घालू नकोस, असं मी म्हणत नाही.

तुझा भाऊ
भिकन


नाशिक
४ एप्रिल १९८१

प्रिय अक्का,

सविनय जयभीम. मी कायम झालो. एक तारखेपासून. साहेबांनी हातात पत्र दिलं. आईने ते देव्हारा नसलेल्या कोनाड्यात, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं आहे. उद्या मालनला आणायला जातो.

तू विचारशील म्हणून नजीरचं लिहितो.

मार्चच्या चार तारखेला तो येवल्याला गेला तेव्हा सावळीराम नावाच्या विणकराचं सुरतेहून आलेलं जरीचं पार्सल त्याच्याकडे होतं. त्याच दिवशी सावळीरामचे वडील वारले होते. सुतकात नवा माल घरात घेत नाहीत, सही करायचाही प्रश्न नाही. अशा वेळी 'घेतलं नाही' असं लिहून पार्सल परत आणायचं. तीन दिवसांनी ते सुरतेला परत जातं. नजीरने पार्सल शेजारच्या घरात ठेवलं आणि इथे येऊन साहेबांना सांगितलं, तेरावं झालं की पोच मिळेल.

पोच मार्चअखेर आली नाही. त्या दिवशी सगळ्या पोचपावत्या मुंबईच्या ऑफिसला जातात. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

'तेरा दिवसांनी पोच येईल म्हणालास. कुठाय?'

नजीर म्हणाला, 'सोळापासून येवला भिकनकडे होतं साहेब. मी कोरी पावती त्याच्याकडे दिली होती. तो सही आणणार होता.'

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, 'मी गेलो होतो. घर बंद होतं.'

नजीर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'असंल.'

साहेब म्हणाले, 'पार्सल पोचलं असेल. मी नाही म्हणत नाही. पण सहीशिवाय माल सोडणारा माणूस मी कायम कसा करू?'

नियम तो नियम आहे. माझ्या बाबतीत झालं असतं तरी साहेबांनी तेच केलं असतं. नजीर संध्याकाळी चावी ठेवून गेला. निवृत्तीअण्णा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. मला गाडी धुवायची होती.

दाजींची बढती झाली का ते कळव. आईचा खोकला आता अजिबात नाही.

तुझा
भिकन


नाशिक
१६ जून १९८१

नजीर,

सलाम. तू बरा असशील. अनवरीवहिनींना आणि मुलांना माझा सलाम सांग. तुझा पत्ता अक्काने पाठवला. तिच्याकडे तो कसा, हे मी विचारलं नाही. एप्रिलमध्ये मी तिला सगळं लिहिलं होतं, त्यावर तिची एकच ओळ आली, 'नजीरचं काय झालं ते पुन्हा एकदा लिही.' मी पुन्हा लिहिलं नाही.

तू तिकडे कापडाचे तागे हातगाडीवर ओढतोस, असं तिने कळवलं आहे.

इकडे ठीक आहे. मॅटॅडोरचे मागचे दोन्ही टायर बदलले. तिसरा गिअर आता अडकत नाही. मालन आली आहे. आईचं आणि तिचं पटतं. निवृत्तीअण्णा माझी वही तपासतात, पण आता काही बोलत नाहीत.

देवळ्याला अक्काच्या शेजारची म्हातारी गाडीला आडवी आली. 'आमना नजीर कोठे शे?' मी म्हणालो, बदली झाली. सटाण्याला औषधवाल्याने विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. येवल्यात विचारायचे ते आता विचारत नाहीत. एकदा मी ओट्यावर पार्सल ठेवत असताना आतून एक बाई दुसरीला म्हणाली, 'नजीरभाई नाय, तो दुसरा हाय.' मी कायम आहे. पण आहे तो दुसराच.

तू असताना मला वाटायचं, हा गेला की हे थांबेल. थांबलं नाही. आता तू माझ्यासमोर नसतोस, त्यामुळे तुझ्यात काही कमीही दिसत नाही.

मार्चच्या अठरा तारखेला मी सावळीरामकडे गेलो होतो. घर उघडं होतं. विणकराचं घर दिवसा बंद नसतं. साहेबांना ते माहीत नाही, तुला माहीत होतं. म्हणून तू 'असंल' म्हणालास. त्या शब्दाने तू मला त्यांच्यासमोर उघडं पाडायचं टाळलंस. मला ते तेव्हाच कळलं होतं.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. मी पायरीखाली उभा राहून पावतीवरचं नाव घेतलं. सावळीराम बाहेर आला. डोकं भादरलेलं, अंगावर नवं उपरणं. म्हणाला, 'नजीरभाईचे दोस्त ना तुम्ही? या, आत बसा की.'

मी म्हणालो, 'सही हवी होती फक्त.'

'सही कुठं पळून चालली? चहा घ्या आधी.'

मी आत गेलो. पहिल्यांदा त्या गल्लीत कुणाच्या तरी घरात गेलो. माग सुरू झाला होता. अर्धी पैठणी वर ताणलेली होती, मोर नुकते धरले होते. त्याने हात पुसले, सही केली. म्हणाला, 'जरीचं पार्सल परत गेलं असतं तर हे लुगडं असंच राहिलं असतं. सुरतेवाला पुन्हा दोन महिने देत नाही. तुमच्या नजीरभाईनं पार्सल ठिवलं, गाडी बाजूला लावली आन आबांना खांदा दिला. कोण देतं?'

बाईंनी चहा आणला. घरातल्याच कपात. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही.

नजीर, मी सहा महिने त्या चहाची वाट पाहिली होती. मिळाला तेव्हा तो तुझा होता. तुझ्या नावावर मला पाजला होता. साखर जास्त होती. मी सगळा प्यालो, आणि प्याल्यावर मला काय करायचं ते ठरलं. त्याआधी काही ठरलं नव्हतं. सकाळी निघताना मी तुझी पोच आणायलाच निघालो होतो, एवढं खरं मान.

विंचूरला गाडी थांबवली. नियम मोडून मी थांबलो ते एवढं एकदाच. पावती चौघडी करून सीटच्या रेक्झिनखाली सरकवली. मग तेरा दिवस तिच्यावर बसून गाडी चालवली. एकतीस तारखेला 'घर बंद होतं' म्हणालो ते ऐनवेळचं वाक्य नव्हतं. मी ते घोकलं होतं. तू कसा चिडशील, काय बोलशील, त्याला उत्तरंही तयार होती. तू चिडला नाहीस. ती सगळी उत्तरं माझ्याकडे पडून राहिली.

आता मुख्य गोष्ट. काल सकाळी ती पावती मी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी सही पाहिली, तारीख पाहिली. मग म्हणाले, 'ही वेळेवर आली असती तर मी त्यालाच ठेवणार होतो.' मी म्हणालो, 'मला माहीत होतं.' ते म्हणाले, 'चावी ठेवा.' मी ठेवली. मी बाहेर पडताना त्यांनी विचारलं, 'त्याचा पत्ता आहे का?' मी म्हणालो, आहे. 'मग कळवा त्याला. सोमवारी ये म्हणावं. ट्रायल बियल काही नाही.'

म्हणून हे पत्र. बाकीचं मी जास्तीचं लिहिलं.

हे मी चांगुलपणाने केलं असं समजू नकोस. आधी तुला कळवावं, पावती तुझ्याकडे पाठवावी आणि तुला हवं ते कर म्हणावं, असा विचार आठवडाभर होता. मग दिसलं, की तू पावती फाडून टाकशील आणि 'राहू दे भिकन, तुझी बायको घरी आली ना' असं काहीतरी लिहिशील. अक्काला ते कळेल. देवळ्याच्या म्हातारीलाही कळेल. तिथेही तूच पुढे. मला ते सहन झालं नसतं. एकदा तरी तुझ्या आधी पोचायचं होतं, म्हणून साहेबांकडे गेलो. कारण एवढंच आहे. मी उलटसुलट तपासून पाहिलं.

मालनला रात्री सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, 'बाबांना काय सांगू?'

मी म्हणालो, 'खरं ते सांग.'

'खरं सांगणं सोपं असतं तर तुम्हाला अडीच महिने लागले असते का?'

मग तिने मला वाढलं. ती जाणार की राहणार हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सकाळी तिची पेटी होती तिथेच होती. निफाडला पत्र मात्र तिने लिहायला घेतलं आहे. मी आत लिहितो आहे, ती बाहेर ओट्यावर. आई आतबाहेर करते आहे.

सोमवारी सकाळी आठला गोदामावर ये. सोळा तारखेपासून येवला आहे, तेव्हा गाडी त्याच रूटला निघेल. मी तिथे नसेन. भेटायला घरी येऊ नकोस. आलास तर आई तुला बसवेल, मालन चहा करेल, आणि तू दहा मिनिटांत दोघींना हसवशील. ते मला अजून बघवणार नाही. आणि माफ केलं असं लिहून पाठवू नकोस. पाठवलंस तर मी ते वाचेन, हेही खरं.

तुझ्या सीटवर अडीच महिने बसलेला,
भिकन