लेथच्या अंगातली वीज

नाशिक, २ ऑगस्ट २०२५

ती. सावळीराममामांस,
चैतालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मागच्या खोलीत मी छोटा लेथ मांडला आहे. ऑफिसमधून आले की हौसेनं लाकडी भोवरे, लाटणी कातत बसते. शेजारी भुसा ओढणारं यंत्र आहे. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर चालतात. एकदम लावली की दिवा मंद होतो, वायर तापते.

परवापासून लेथला हात लागला की बोटांत मुंग्या येतात. सासूबाई रोज अनवाणी तिथला भुसा झाडतात. त्यांना आणि ललितला सांगितलं, तर मायलेक दोघंही हसले. सासूबाई म्हणाल्या, चुलीपुढं माझे हात कधीच बधिर झालेत, मला काही कळत नाही. मला मात्र त्या खोलीत पाऊल टाकवत नाही. तुम्ही वीस वर्षं वायरमन होतात. खोलीला लाइन कशा घ्याव्यात, ते लिहा.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती कमी करू नका.
आपली,
चैताली

सटाणा, ६ ऑगस्ट

चि. सौ. चैतालीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुढचं नंतर वाच. आधी मेन स्विच बंद कर, लेथची पिन काढ, खोलीला कुलूप घाल.

आता वायरमनला बोलाव आणि पहिल्यांदा घराचं अर्थिंग तपासायला लाव. मग मीटरपासून खोलीला तीन वेगळ्या लाइन घे. लेथला एक. भुशाच्या यंत्राला दुसरी, कारण दोन्ही एकदम चालतात. दिव्याला तिसरी, मशीनमुळं त्याची लाइन बंद पडली तरी दिवा जाता कामा नये, फिरत्या लाकडापुढं अंधारात माणूस नको. या प्रत्येक लाइनवर वेगळा ईएलसीबी स्विच बसव. करंट गळाला की तो तत्क्षणी लाइन तोडतो.

मी वायरिंगचं काम का सोडलं, ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही. गिरणीवाल्या भागीबाईंची नवी मोटर मीच बसवली होती. अर्थिंगची वायर कमी पडली. दळणाला बायका खोळंबल्या होत्या, म्हणून तशीच चालू करून दिली. संध्याकाळी त्यांनी फरशी पुसली आणि ओल्या पायांनी मोटरला हात लावला, त्या तिथंच गेल्या. लोक म्हणाले, नशीब. मी गप्प बसलो.

उत्तर लगेच धाड. नाही आलं तर जिवाला घोर लागेल.
तुझा,
सावळीराममामा

नाशिक, १२ ऑगस्ट

ती. मामांस,
चैतालीचा शि. सा. न. वि. वि.

सगळे सुखरूप आहोत, हे आधी लिहिते. केरू नावाचा वायरमन आला होता. त्यानं लेथची पिन लावून मेन चालू केला, बल्बची एक वायर लेथच्या अंगाला लावली, दुसरी अंगणातल्या मातीत खुपसलेल्या सळईला. बल्ब लख्ख पेटला. सासूबाई बघत होत्या, त्यांनी आधी पायांत चपला घातल्या. ललितनं स्वतः जाऊन मेन बंद केला. लेथच्या आतली वायर सोलून अंगाला टेकली होती आणि मीटरपाशी अर्थिंगची वायर गंजून तुटलेली होती; दोन्ही त्यानं बदलल्या. केरू म्हणाला, फरशी कोरडी होती म्हणून निभावलं.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे तीन लाइन झाल्या, स्विचही बसले. पण माझा हात बटणापर्यंत जातो आणि मागं येतो. सासूबाई दारातूनच परत फिरतात. तुम्ही एकदा येऊन पाहाल का?

भागीबाईंचं वाचलं. कोणाला सांगितलं नाही.

तुमच्या आधाराची,
चैताली

सटाणा, १८ ऑगस्ट

चि. सौ. चैतालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी पहिल्या एसटीनं निघतो. केरूचं काम तपासू. टेस्टर तू धर, मी शेजारी उभा राहीन.

काल तुझ्या मामीला सगळं सांगितलं. तिनं उठून दोघांचा चहा ठेवला. नंतर म्हणाली, भागीबाईंच्या मुलाला ठाऊक असायला हवं. तो आता सायखेड्याला असतो. परतताना तिथं जाईन म्हणतो. एकोणीस वर्षं झाली. तो दाराआडून काय बोलेल, दार तरी उघडेल का, कोण जाणे.

तू बरोबर येशील का?

तुझ्यावर जीव असणारा,
मामा