बावीस वर्षांनी ‘साखर’

४ मार्च
मागच्या दारी काकडीच्या सहा बिया टोचल्या. यांना तापातून उठून आठवडा झाला, तरी खाटेवरूनच हसले – “तू आणि शेती!” हसा! कॅन्टीनचे मोठे आचारी ना तुम्ही! बावीस वर्षं माझ्या हातचं जेवताय, पण कौतुक काय? “खाण्यालायक आहे.” बस्स. त्याहून मोठं पदक नाही. आता काकडीत तरी काय खोट काढाल? ना मीठ, ना फोडणी.

मी स्वतः काकडी खात नाही. एक फोड खाल्ली की संध्याकाळपर्यंत ढेकरा. पण एकदा, फक्त एकदा, यांच्या तोंडून “छान” ऐकायचंय.

२० मार्च
चार उगवल्या. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, “पाणी बेतानंच घाला, नाहीतर काकडी पाणचट लागते.” मी इतकं बेतानं घालते की दुपारी पानं माना टाकतात. चव आली पाहिजे!

११ एप्रिल
फुलं आली आणि गळली! मी रडकुंडीला. नर्सबाई पोट धरून हसल्या. ती नराची फुलं म्हणे, गळणारच. ज्या फुलामागे करंगळीएवढी काकडी दिसते ते मादीचं, फळ तेच धरतं. म्हणजे इथेही मिरवायला पुरुष आणि राबायला बाई!

१६ एप्रिल
नवीन हॉटेलच्या मालकाने यांना बोलावलंय. दहा मेला त्याच्यासमोर रांधून दाखवायचं. पसंत पडलं तर मुख्य आचारी! कॅन्टीनच्या धुरात आयुष्य काढलं यांनी. हे झालं पाहिजे.

तयारी म्हणून आमच्या साहेबांनी चक्क वजनकाटा आणलाय. मीठ ग्रॅममध्ये मोजतात, वहीत लिहितात. शंभर माणसांच्या पातेल्यात डोळे मिटून मूठ टाकणारा माणूस! मी म्हटलं, “आचारी सोडून सोनार झालात की काय?” हसले नाहीत. एवढं मनाला लावून घेतलंय.

२८ एप्रिल
पहिली काकडी! धुऊन, चिरून ताटात वाढली. यांनी एक फोड तोंडात टाकली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “वा! साखर!”

मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी उभं आहे का!

३ मे
रोज एक काकडी, रोज “साखर”. मी हवेत. नर्सबाईंना दोन दिल्या होत्या. आज भेटल्या तर म्हणाल्या, “वेल मात्र सुरेख वाढलीय हो तुमची.” काकडीबद्दल चकार शब्द नाही. जळते बिचारी!

८ मे
आज वाटलं, बघावी तरी आपली साखर. ढेकरा आल्या तर आल्या. एक फोड चावली –

कडू जहर! धावत जाऊन मोरीत थुंकले. दुसरी चिरली, तिसरी चिरली. सगळ्या तशाच. पाणी कमी घालून मीच कडू केल्या असणार.

आधी राग आला. माझी थट्टा करतात! मग आठवलं, हा माणूस जेवणाबद्दल कधी खोटं बोलत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात, भर पंगतीत, तिच्या सासऱ्यांना सांगितलं होतं – “भात कच्चा आहे.” मग वजनकाटा डोळ्यांपुढे आला. मीठ मोजून का घालतात हे?

संध्याकाळी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. हे जेवले. म्हणाले, “छान झालीय.”

ज्या शब्दासाठी जिवाचा आटापिटा केला, तो असा यावा! मी समोर बसले. म्हटलं, “कधीपासून?” ताटात बोट फिरवत म्हणाले, “तापापासून. वास नाही, चव नाही. काहीच कळत नाही गं. आचाऱ्याची जीभ गेली हे कुणाला सांगू?” मग खालच्या आवाजात, “तू एवढी आशेनं बघत होतीस. वाटलं, गोडच असणार.”

मला यांची कीव आली नाही. माया आली. आणि थोडा रागही – बायकोलाही सांगू नये?

९ मे
नर्सबाई म्हणाल्या, तापानंतर होतं असं, चव येते परत, पण वेळ लागतो. काकड्यांचंही कबूल केलं – “मनाला लागेल म्हणून बोलले नाही.” मीच त्यांना जळकी ठरवलं होतं!

उद्या जाऊ नका, असं यांना सांगणार होते. जीभच रेटली नाही.

१० मे
मदतनीस म्हणून गेले बरोबर. मालकाने दोनदा मागून घेतलं, पण ते नंतर. आधी चुलीपाशी यांनी रश्शाची पळी माझ्यापुढे धरली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं – “बघ गं, कसा झालाय?”

मी चाखला. म्हटलं, “खाण्यालायक आहे.”